दारावरचा तक्ता

आमच्या गल्लीतल्या अंगणवाडीच्या दारावर एक तक्ता आहे. मुलं चालायला कशी शिकतात हे पाहायला येणाऱ्या एका संशोधक मुलीने, आपण काय काय टिपणार ते आधीच लिहून तिथे चिकटवलं. संशोधन म्हटलं की मला शाल, श्रीफळ आणि कुणीच न उघडलेला जाड अहवाल आठवतो. म्हणून मी जरा संशयानेच वाचायला थांबलो.

तेवढ्यात शेजारची सुनंदा तिथेच उभ्या असलेल्या त्या मुलीला म्हणाली, "ताई, आमची पिंकी रांगतच नाही, बसल्या बसल्या सरकते. यात तसलं काहीच नाही. तिला गाळणार का?" पोरीत काहीतरी कमी आहे, असं सुनंदाच्या सासूबाई तिला रोज ऐकवत होत्या.

"गाळायचं कशाला?" म्हणत त्या मुलीने लाल पेनाने नवा रकाना आखला, 'बसून सरकणे'. खाली तारीख आणि कारण लिहिलं, 'आधी सुचलं नव्हतं.' इतकी सरळ कबुली मी कुठल्याच अहवालात वाचलेली नाही.

महिन्याभरात त्या रकान्यात आणखी दोन खुणा आल्या. तक्ता वाचूनच त्या दोन मुलांच्या आया सांगायला आल्या होत्या.

काल सुनंदाने सासूबाईंना तिथे आणलं. त्यांनी चष्मा लावून तो रकाना दोनदा वाचला आणि पिंकीकडे वळून म्हणाल्या, "चल गं, सरक. घरी जाऊ."