पेन्सिलीची फुली

मला लिहायची सवय नाही. तरी हे एवढं सांगायचं राहिलं होतं.

इस्पितळाच्या मनोविकार विभागात मी खिडकीवर नंबर लावायचो. समुपदेशक बाई आत रुग्णांशी बोलायच्या. आठवड्याला तीस रुग्ण झालेच पाहिजेत, असा नियम. गुरुवारी दोन ते तीन त्या शिकाऊ मुलींना शिकवायच्या, पण ते त्यांच्या खुशीचं काम. नंबरांच्या वहीत त्या तासाला नावच नव्हतं, म्हणून त्या चौकटीत मी पेन्सिलीने फुली मारून ठेवायचो.

“लष्कराच्या भाकऱ्या भाजतायत,” बाकीचे म्हणत.

बाई हसायच्या. “काका, तुमची फुली आहे तोवर माझा वर्ग आहे.”

एका महिन्यात आठवड्याचा आकडा सारखा सव्वीस-सत्तावीसवर अडकला. विभागाचे साहेब खिडकीशी आले.

“हे काय? फुली-गोळा खेळताय?”

“बाईंचा शिकवायचा तास, साहेब.”

“शिकवणं घरी. खोडा ते.”

मी खोडलं, त्या चौकटीत नवा नंबर लावला. बाईंना विचारलंसुद्धा नाही.

त्या गुरुवारी दोन वाजता शिकाऊ मुलगी फाइल घेऊन दाराशी आली. आत नवा रुग्ण बसलेला.

“मॅडम, पाचच मिनिटं. माझा तो सुतार पेशंट… त्याने हत्यारं वाटून टाकली. पण एकदम हसतखेळत बोलतो. बरा झालाय का, कळत नाही.”

बाईंनी रुग्णाकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं. “उद्या सकाळी ये गं. सगळ्यात आधी तूच.”

सकाळी खिडकी उघडली, तर सुताराचा भाऊ उभा.

“त्याचा नंबर काढून टाका.”

“पुढची तारीख देऊ?” मी विचारलं.

“रात्री जीव दिला त्याने.”

चौकशीत विचारलं, शिकवण्याचा तास कोणी रद्द केला? साहेब कागद चाळत होते. माझा हात खिशात, खोडरबरावर.

“मी,” बाई म्हणाल्या.

त्यांची नोकरी गेली. जाताना खिडकीशी थांबल्या. “त्या मुलीला सांगा काका, चूक तिची नव्हती.”

आठवड्याने मुलगी फाइल परत करायला आली. शिक्षण सोडत होती. मी निरोप दिला.

“मग कोणाची होती?” तिने विचारलं.

मी वही पुढे ओढली. म्हटलं, “थांब हं, पुढचा नंबर कोणाचा ते बघतो.”