हात वर करून ठरलेला शोध

शी! त्या सभेची आठवण आली की अजून तोंड कडू होतं. पण माझा दादा, मधुकर, कसा माणूस होता हे सांगायचं तर तिच्याबद्दल सांगावंच लागेल.

दादा बुऱ्हाणपुरात इंटरच्या मुलांना कॅल्क्युलस शिकवायचा. राजपुरा मोहल्ल्यातल्या आमच्या घराच्या ओट्यावर केळं चिरत बसायचा. पातळ चकत्या करायच्या, एकेकीचं माप घ्यायचं, मापं जोडायची. चकती जितकी पातळ, तितकं अख्ख्या केळ्याचं माप नेमकं! "शारदे, या शास्त्राचं अर्धं अंग हेच गं," म्हणायचा, आणि चकत्या मला खायला द्यायचा.

छप्पन साल. राज्यांची फेररचना होऊन नवं राज्य झालं, आणि दादासारख्या टेम्पररी मास्तरांना कायम करायचं की घरी पाठवायचं, हे कॉलेजच्या कमिटीनं ठरवायचं होतं. नेमकं तेव्हाच दादानं कुठंतरी वाचलं, की केरळातल्या माधव नावाच्या गणितज्ञानं न्यूटनच्या अडीचशे वर्षं आधी या शास्त्राची बीजं मांडली होती. आनंदानं वेडाच झाला! भेटेल त्याला सांगत सुटला. कमिटीचे अध्यक्ष, दापोऱ्याचे केळीवाले चुडामणशेठ, त्यांनाही सांगितलं. तिथंच माती खाल्ली.

शेठनी कमिटी बोलावली. आधी नदीवरच्या राजघाटाच्या पायऱ्या धुवायचा ठराव, मग हा: कॅल्क्युलस भारतानं शोधलं, न्यूटननं चोरलं. हात वर करा! झाले सगळे हात वर. त्यातल्या एकाला तरी त्रैराशिक येत होतं का? ऐकून किळस आली मला.

"मास्टरजी, सर्वानुमते पास झालंय," शेठ म्हणाले. "शिक्षण खात्याचे साहेब येतील तेव्हा तुम्ही वाचून दाखवा. नोकरी पक्की समजा."

दादा त्या दिवशी जेवला नाही. "माधव मोठाच होता," एवढंच म्हणाला. "त्यासाठी दुसऱ्याला चोर कशाला ठरवायचं?"

साहेब आले. दादानं ठरावाच्या कागदाची घडी करून खिशात घातला आणि सरळ सांगितलं, "बीजं माधवनं मांडली. पुढं सगळं शास्त्र न्यूटन आणि लायब्निट्झ यांनी आपापलं उभं केलं. त्या दोघांत आधी कोण, या भांडणातही लंडनला कमिटी बसली होती, आणि तिचा निकाल खुद्द न्यूटननंच लिहिला होता. आज आपणही तेच करतोय."

साहेब हसले. शेठ मात्र काळेठिक्कर पडले. महिनाभरात दादाची नोकरी गेली, आणि जळगावला खोली बघायची वेळ आली.

निरोपाला मात्र सगळे हजर, दात काढत. लाज म्हणून नाही मेल्यांना! शेठनी दादाच्या गळ्यात हार घातला आणि माइक ओढून म्हणाले, "न्यूटन चोर होता, हे आपल्याला याच मास्टरजींनी शिकवलं!"

टाळ्याच टाळ्या. दादा हात हलवून "मी नाही, मी असं बोललो नाही" म्हणत होता. त्याच्याशेजारी बसले होते म्हणून मला तरी ऐकू आलं.