झोपलेली टाकी

बंदरावरच्या मासळीच्या कोल्ड स्टोरेजमध्ये उभी हयात घालवलेल्या माणसाला लोक गारठाकाका म्हणणार, दुसरं काय म्हणणार? निवृत्त झाले तरी नाव काही सुटलं नाही, आणि सवयीही सुटल्या नाहीत. घरात कुणी फ्रीजचं दार जरा जास्त वेळ उघडं ठेवलं की काका स्वयंपाकघरात हजर. ते चहासुद्धा गार करून पितात असं शेजारी सांगत, पण ते त्यांनी पदरचं जोडलेलं. गार म्हणजे सुखरूप आणि ऊब म्हणजे नासाडी, हे मात्र काका अगदी मनापासून मानत.

त्यांच्या बायकोच्या माहेरून एक द्राक्षमळा आला होता, समुद्राकडे उतरत गेलेला. तिथे धुकं दुपारपर्यंत हटायचं नाव घेत नाही आणि उन्हाळासुद्धा अंग चोरून येतो. द्राक्षं सावकाश पिकतात, पिकूनही आंबटपणा सोडत नाहीत, आणि पांढऱ्या वाईनला नेमकं तेच हवं असतं. बायको गेल्यावरही काकांनी मळा सांभाळला, पण माल दरवर्षी लांबच्या एका मोठ्या कारखान्याला जायचा. यंदा सूनबाईने ते मोडलं. ती त्याच कारखान्याच्या प्रयोगशाळेत काम केलेली. नवरा जहाजावर, त्यामुळे घरात बोलायला सासरेच.

"बाबा, यंदा आपली वाईन आपण करू," ती म्हणाली. "एकच टाकी. जमली तर जमली."

जमली नाही तर काय, ते तिने सांगितलं नाही, पण काकांना ठाऊक होतं. कारखान्याने तिची जागा हंगामापुरती राखून ठेवली होती. वाईन फसली तर ती नातीला घेऊन तिकडे राहायला जाणार होती. मग एवढ्या घरात उरणार गारठाकाका आणि त्यांचा फ्रीज. नात जेवताना शाळेतलं काही सांगायला लागली की काकांचा घास तोंडातल्या तोंडात फिरायचा.

शेडमध्ये स्टीलची टाकी बसली. तिच्या दुहेरी भिंतीतून गार पाणी फिरवायचं यंत्र लावायला काका एका पायावर तयार. द्राक्षं दाबून निघालेला रस टाकीत गेला, त्यात यीस्ट पडलं, आणि वरच्या पाणी भरलेल्या वाकड्या नळीतून बुडबुडे यायला लागले. बुडबुडे आले म्हणजे रसातली साखर खाऊन यीस्ट त्याची वाईन करतंय, हे सुनेने त्यांना नीट समजावलं होतं. काकांनी मानही डोलावली होती. पण त्यांच्या आयुष्यात आजवर जे जे बुडबुडलं ते ते फेकून द्यावं लागलं होतं, त्याला ते तरी काय करणार?

मग सुनेच्या आईचं डोळ्याचं ऑपरेशन निघालं. सून नातीला घेऊन माहेरी गेली, आणि जाताना म्हणाली, "यंत्राचा काटा आहे तिथेच राहू दे, बाबा. फक्त लक्ष ठेवा."

काकांनी डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवलं. तेच नडलं. ती गेली आणि जमिनीकडून उबदार वारा सुटला. शेडचा पत्रा तापला आणि नळी जोरात बुडबुडू लागली. काकांनी काटा जरासा खाली आणला. दुसऱ्या दिवशी आणखी जरासा. हळूहळू नळी शांत झाली तेव्हा त्यांचा जीव भांड्यात पडला. टाकीवर थोपटून ते घरी गेले आणि छान जेवले.

सून परतली ती बॅग अंगणात टाकून सरळ शेडमध्ये. तिने टाकीला कान लावला, हाताने पत्रा चाचपला, काचेच्या नळकांड्यात नमुना काढून बघितला.

"हे इतकं गार कसं झालं?"

वारा फिरला, यंत्र बिघडलं, वीज गेली होती. सांगायला कारणं पुष्कळ होती, आणि त्यातलं एक काकांच्या ओठांवर आलंही होतं. त्यांनी ते गिळलं.

"मी केलं. वारा गरम सुटला होता. मला वाटलं, नासेल."

सून उपड्या क्रेटवर बसली. काकांना वाटलं, ओरडली असती तर बरं झालं असतं.

"बाबा, हे मासे नाहीत," ती म्हणाली. "यीस्ट जिवंत असतं. गारठून झोपलंय ते. निम्मी साखर तशीच राहिलीय."

"उठेल का?"

"कधी उठतं, कधी नाही उठत."

मग तिने बाह्या सरसावल्या. यंत्र बंद केलं. घरातल्या झाडून सगळ्या रजया टाकीला गुंडाळल्या. स्वयंपाकघरात कोमट पाण्याच्या बादलीत नवं यीस्ट भिजवलं आणि बादली काकांच्या ताब्यात दिली. टाकीतली वाईन एक वाटी ओतायची, फेस येईपर्यंत थांबायचं, मग पुढची वाटी. घाई केली तर हेही झोपणार. जन्मभर ऊब हाकलत आलेला माणूस चुलीपाशी मांडी घालून बादली उबेत ठेवत बसला. नातीने शेजारी बसून वाट्या मोजल्या आणि आजोबांना दोनदा चुकीचं ठरवलं. काकांनी तेही मुकाट्याने ऐकून घेतलं.

फेसाळलेली बादली टाकीत गेली. त्या दिवशी काही झालं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. काका दर थोड्या वेळाने काहीतरी निमित्त काढून शेडमध्ये जात आणि तोंड पाडून परत येत. तिसऱ्या सकाळी नळीतल्या पाण्यात एक बुडबुडा वर आला. काका त्याच्याकडे बघत राहिले. बऱ्याच वेळाने दुसरा आला, मग तिसरा. ते सुनेला हाक मारायला वळले. आपण रडतोय हे त्यांना तेव्हा कळलं, आणि त्याची लाजही वाटली नाही.

साखर संपायला बरेच दिवस गेले, पण संपली. सुनेने ग्लासात घेऊन वास घेतला, घोट घेतला, ग्लास काकांपुढे धरला. वाईन थेट जिभेच्या कडांना झोंबली. लिंबाच्या सालीचा वास, आणि मागून खारट काहीतरी. काकांनी डोळे घट्ट मिटले.

"आंबट आहे," ते म्हणाले.

"असायलाच हवी," सून म्हणाली आणि तिथेच उभ्या उभ्या तिने कारखान्याला फोन लावला. "माझ्या जागेवर दुसरं कुणी बघा. नाही, मी येत नाही. आणि पुढच्या वर्षी आमची द्राक्षं आम्हालाच लागतील."

काकांनी पाठ फिरवली आणि उगाचच रजयांच्या घड्या घालायला घेतल्या. फोन ठेवून ती यंत्रापाशी गेली.

"रजया नंतर, बाबा. आधी इकडे या. बाटल्या भरायच्या आधी ही गोठायच्या बेताला आणून ठेवावी लागते. म्हणजे आंबटपणाचे बारीक खडे तळाशी बसतात. नाहीतर बाटलीत काच पडलीय की काय असं वाटतं लोकांना."

काकांनी हात मागे बांधले. "तू सांग काटा कुठे ठेवायचा. मी नाही हात लावणार."

"मला नाही सांगता येत. कारखान्यात हे काम दुसरी माणसं करायची," ती म्हणाली आणि यंत्रासमोरून बाजूला झाली. "गोठू न देता किती गार करता येतं, ते तुम्ही ठरवा."