मंडईला आधी कशाने जायचात?

"काका, ही बॅटरीची सायकल घेण्याआधी मंडईत कशाने जायचात?" पर्यावरणाच्या सर्वेक्षणासाठी दारात आलेल्या मुलीने विचारलं.

"कारने!" मी ऐटीत सांगितलं. हवा शुद्ध केल्याचं श्रेय घरपोच मिळत असेल, तर कोण सोडतो?

"काहीतरीच काय सांगता तिला!" आतून बायको आली. "पायी जायचो गं आम्ही दोघं. रोज संध्याकाळी."

मुलीने 'कार' खोडून 'पायी'वर खूण केली. "मग धूर काही वाचला नाही, काका," ती म्हणाली. एवढी ओशाळली, जणू चूक तिचीच.

धूर नव्हताच, तर वाचणार काय? रस्ताभर आमचं भांडण चालायचं आणि परतताना मिटायचंही. गुडघा दुखला की बायको औषधाच्या दुकानाच्या पायरीवर टेकायची आणि मी घड्याळ बघत उभा राहायचो. त्या थांबण्याला कंटाळूनच तर मी ही सायकल आणली, आणि नाव पुढे केलं पृथ्वीचं. चांगल्या कामाच्या आडोशाला माणसाचा आळशी स्वार्थ किती ऐसपैस बसतो! सायकलला मागे सीट नाही. वाचलेल्या वेळात मी फोन बघतो. कार आहेच, दर रविवारी मित्रांकडे निघते.

"आणि काकू, तुम्ही आता मंडईत कशाने जाता?"

"मी? मी आता जातच नाही."

मुलीने कागद उलटून पाहिला. त्या उत्तरासाठी चौकट नव्हती. मी खाली मान घालून सायकलची घंटी पुसत राहिलो.