आडवी पडलेली नागली

नातीला दिवस गेले तेव्हापासून तिला मोबाइलवर नावं शोधायचा नाद लागला आहे. "आजी, असं नाव पायजे की अख्ख्या वर्गात दुसरी कोणी त्या नावाची नसेल," ती म्हणते. मी आपली भाकरी थापत राहते. असं नाव माझ्याकडे होतं. मीच ते टाकून दिलं होतं.

माझं जन्माचं नाव नागली. शहरातले लोक जिला नाचणी म्हणतात, ती. आमच्या तलासरीकडच्या डोंगरपाड्यांवर पूर्वी पोरीचं नाव तिच्या जन्माच्या वारावरून ठेवत, नाहीतर तेव्हा शेतात जे चाललेलं असेल त्यावरून. सोमवारच्या आणि बुधवारच्या पोरी तर पाड्यापाड्यात असायच्या. नागली मात्र मी एकटीच. मला वाटायचं, मी रंगानं काळी म्हणून हे नाव. शाळेत पोरं "ए नागली, भाकर दे" म्हणून ओरडायची, तेव्हा तर खात्रीच पटली. आईला एकदा विचारून बघावं, एवढंही सुचलं नाही. होती नव्हती ती अक्कल रिबिनीची फुलं बांधण्यात संपून जायची.

लग्नात नाव बदलायची सोय होती. सासूनं विचारायच्या आत मी नाव तयार ठेवलेलं, रेडिओवर ऐकलेलं, गोरंपान. मसोलीला सासरी आले ती त्या नावाची होऊनच. पुढच्याच आठवड्यात नवऱ्यानं तलासरीच्या बाजारात मला त्या नावानं हाक मारली. एकदा, दोनदा, मग सगळा बाजार वळून बघेल अशी. मी आपली खाली बसून बांगड्या निवडत होते. मनात म्हणतेय, कोण ही बाई, नवरा एवढा बोंबलतोय तरी ओ देत नाही! शेवटी त्यानं खांद्याला धरून हलवलं. घरी जाऊन आईला म्हणाला, "पोरगी बहिरी दिलीय आपल्याला."

हळूहळू त्या नावाला ओ द्यायला शिकले. आई गेली, बाबा गेला, शाळेतली ती पोरंसुद्धा म्हातारी होऊन गेली. नागली म्हणणारी एकच उरली, माझी थोरली बहीण. तिला मी बाय म्हणायचे. ती कैनाडला दिलेली.

यंदा भात लावून झालं तेव्हा तिच्या सुनेचा फोन आला, "मावशी, आई माणसं विसरायला लागल्यात. येऊन जा." नातीला घेऊन रिक्षानं गेले. बाय ओसरीवर खाटेवर बसली होती. माझ्याकडे बघून सुनेला म्हणाली, "ही बाई कोण आणलीस?"

"आई, तुमची धाकटी बहीण की!" सुनेनं माझं सासरचं नाव घेतलं.

"माझ्या बहिणीचं असलं नाव नाय," बाय म्हणाली आणि तोंड फिरवलं.

तिचं काय चुकलं होतं? पण ही मला न ओळखता गेली, तर मला जन्मापासून ओळखणारं कोणी उरणार नव्हतं. नातीसमोर लाज वाटत होती, तरी खाटेशी टेकले आणि म्हटलं, "बाय, मी नागली."

तिनं मान वळवली. "मग मघापासून खोटं कशाला सांगता गं?"

माझा हात हातात घेऊन ती बोलत सुटली. "आम्ही खाली चिखलात भात खोचत होतो, आई वर माळावर नागली लावत होती, आणि तिथंच तू झालीस. नागलीला कोण खोचत बसत नाय. उपटलेली रोपं नांगराच्या तासात नुसती आडवी टाकायची. माना टाकतात, मेल्यासारखी दिसतात, आणि पाऊस लागला की आपली आपण उभी राहतात. तू तशीच. रडली नायस, हललीपण नायस. सुईण म्हणाली, हिची आशा सोडा. आई म्हणाली, पडू दे आडवी, नागली हाय ती, उठेल."

"आणि काळी म्हणून नव्हे?" मी विचारलं.

"काळी? तू? काळी तर मी होते!"

नात मोठ्यानं हसली. मला हसू येईना. दुपारभर बाय मधूनच हाक मारायची, "नागली!" काम काहीच नसायचं. मी दर वेळी ओ दिली.

नागलीची कणसं कापायला आली तेव्हा बाय गेली.

आता नात विचारते, "आजी, ठेवू का तेच नाव? पोरं चिडवतील?"

"चिडवतील," मी म्हणते. "आधी येऊ दे तिला. आल्या आल्या किंचाळली, तर तुझ्या मोबाइलातलं ठेव."

म्हणते खरी असं. पण परवा घरात कोणी नव्हतं, तेव्हा दारात उभी राहून मी ती हाक मारून बघितली. आजवर ते नाव मी ऐकत आले होते, हाक म्हणून कधी तोंडातून काढलंच नव्हतं. पहिल्यांदा नुसती पुटपुटल्यासारखी झाली. दुसऱ्यांदा बरी गेली, बायसारखी, शेवट ओढून. शेजारीण खिडकीतून म्हणाली, "कोणाला बोलावताय, काकू?"

"कोणाला नाय," म्हटलं. "सराव करतेय."