जळक्या मोटारींची गल्ली आणि प्रयागअक्का

प्रयागअक्का आणि तिच्याजवळ काम करणाऱ्या सात बायकांवर अन्याय झाला तो यंदाच्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीच्या सकाळी, दुकानं उघडायच्या वेळेला. त्या सकाळी आमच्या नगरपंचायतीच्या माणसांनी अक्काच्या दुरुस्ती शेडला सील ठोकलं. मशीनं, अर्धे उघडलेले पंखे, सात जणींतल्या रुखसानाचा जेवणाचा डबा, सगळं आतच राहिलं. हे आधी सांगून टाकते, कारण अक्का गेल्यापासून गावात जो तो तिला 'देवमाणूस' म्हणत सुटलाय आणि शेडचा विषय कोणी काढत नाही.

ती गेल्याचं मला नांदेडला कळलं. शेडबद्दलची पत्रकं घ्यायला प्रेसमध्ये गेले होते. रुखसानाचा फोन आला, "ताई, अक्का उठंनाच..." मी तशीच उभी. प्रेसवाल्यानं विचारलं, "गठ्ठा बांधू का?" बांधा म्हटलं. दुसरं काय म्हणणार? सीलमुळे ती गेली असं मी लिहिणार नाही. तिला शुगर होती, आणि बालूशाही दिसली की ती डॉक्टरला शिव्या घालत खायची. पण शेवटचे काही आठवडे ती रिकाम्या हातांनी बसून होती, आणि रिकामं बसणं तिला कधी जमलंच नव्हतं.

आमचं गाव लातूर आणि नांदेडच्या मधलं. चाकूरकडची माणसं बाजाराला येतात तशी मुखेडकडचीही. इथली एक आख्खी गल्ली मोटारी भरण्यावर जगायची. विहिरीवरच्या पंपाची जळालेली तार काढून नवी तांब्याची तार गुंडाळायची, हे मोटार भरणं. लाईट कमी दाबानं आली की रानात मोटारी जळायच्या, आणि मोटारी जळल्या की आमच्या घरी मटण शिजायचं. माझ्या वडलांचं दुकान अक्काच्या दुकानासमोरच. हरभऱ्याला पाणी द्यायच्या दिवसांत बल्ब पिवळा पडला की गल्लीतली माणसं एकमेकांकडे बघून हसायची. खंडेनवमीला लोक आपापल्या हत्यारांची पूजा करतात. आमची गल्ली पाटावर एक जळालेली मोटार मांडायची आणि तिला हळदकुंकू वाहायची. लाज वाटते लिहायला, पण तेच आमचं दैवत होतं.

एका खंडेनवमीला अक्कानं पाटावर जळकी मोटार मांडलीच नाही. मिक्सर ठेवला, टेबलफॅन ठेवला, शिलाई मशीनची बारकी मोटार ठेवली. माझे वडील भडकले. "अक्का, लक्ष्मीचा अपमान करून राहिल्या तुम्ही."

"नामदेव, जळाल्याची पूजा केली तं जळालेलंच पदरात पडतंय. उद्या चांगली लाईट आली तं खाशील काय? कोळसा?"

"चांगली लाईट? अन् आपल्या गावात?" सगळी गल्ली हसली. मीही हसले असेन, शाळेत होते तेव्हा.

आणि मग रानोरान सोलर पंप आले. ते बिघडले तरी कंपनीचा माणूस लातूरहून गाडी घेऊन येतो, आमच्या गल्लीत कोणी फिरकत नाही. दोन हंगामांत निम्म्या दुकानांची शटरं खाली आली. वडील नांदेडला एका गोदामात लागले, पंधरा दिवसांनी घरी येतात, कमी बोलतात. मी तेव्हा सोलरच्या विरोधात एक जळजळीत पत्रक लिहिलं. अक्कानं ते वाचलं, त्याची घडी घालून डगमगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सारली आणि म्हणाली, "ए पत्रकवाले, सोलरनं काय घोडं मारलं तुझं? रात्री-बेरात्री रानात साप तुडवत जायचं बंद झालं लोकांचं. सोलर वाईट न्हाई. आपण आख्खं गाव एकाच खुट्याला बांधून ठिवलं, ते वाईट हाय." मला राग आला होता. अजूनही थोडा आहे... पण ती बरोबर होती.

गल्लीच्या टोकाला जुन्या जकातीची पडकी शेड होती. अक्कानं ती नगरपंचायतीकडून भाड्यानं घेतली आणि ज्यांच्या घरची दुकानं बसली होती त्या बायकांना कामाला घातलं. पंखे, मिक्सर, ई-रिक्षाच्या मोटारी. मग एकीनं मिरची कांडायचं मशीन टाकलं, दुसरीनं तुरीची डाळ भरडायचं. अक्का चुकायचीही. एकदा वॉशिंग मशीनचे सुटे भाग पोतंभर आणले. गावात वॉशिंग मशीनच मोजून चार. चुकलेल्या बाईला ती इतकं टाकून बोलायची की ती रडत घरी जायची, आणि संध्याकाळी अक्का स्वतः तिच्या दारात. "चहा टाक. अन् उद्या लवकर ये, लई काम हाय." माफीबिफी नाही.

शेड चालायला लागली आणि मग नगरपंचायतीला ती दिसली. सोलर पॅनलच्या गोदामासाठी द्यायचं ठरलं. सील ठोकायला आलेला साहेब चांगला गोड बोलत होता. "अक्का, आपलं शहर आता ऊर्जेचं हब होणार."

"होऊ द्या की. गोदामात माणसं किती लागतील?"

"दोन."

"वॉचमन धरून?"

साहेब सीलची पट्टी सरळ करायला लागला. "हाव, म्हंजे दोनच," अक्का म्हणाली, "अन् आत माझ्या सात जणी हायत, तेवढं लिहून घ्या." त्यानं लिहून घेतलं नाही. पुन्हा एकच खुंटा, फक्त नवा, चकचकीत. गोदामासाठी गावाबाहेर नगरपंचायतीची मोकळी जागा पडून आहे. तिथे का नाही, याचं उत्तर मला आजवर कोणी दिलेलं नाही.

शेवटची भेटले तेव्हा ती बंद शेडच्या जाळीला डोळा लावून उभी होती. आत बारके भाग गंजतील याची तिला फिकीर. तिची खुर्ची आतच आहे, तुटका पाय सायकलच्या ट्यूबनं बांधलेली. अजून दिसते जाळीतून. परवा मीही डोळा लावला आणि पटकन मागे झाले. ती आत बसून कोणाला तरी झापत असेल असं वाटलं.

येत्या सोमवारी, बाजाराच्या दिवशी, त्या सातही जणी शेडच्या पायरीवर सतरंजी टाकून कामाला बसणार आहेत. मशीनं आत, म्हणून हातानं करतील. तुम्ही अक्काच्या फोटोला हार आणू नका. घरात बंद पडलेला पंखा असेल, मिक्सर असेल, तो उचला, घेऊन या, आणि त्या सीलसमोर तो पुन्हा फिरेपर्यंत जागचे हलू नका.