दीड बोट बाहेर

चाक आमच्या पुढं धावत निघालं होतं. वैरागच्या रस्त्याला, भर दुपारी, आमच्याच गाडीचं डाव्या अंगाचं पुढचं चाक. गाडी त्या अंगाला कलली, पत्रा रस्त्यावर खरवडत चालला, आणि चाक मात्र दावं सुटलेल्या वासरासारखं उड्या मारत जोंधळ्यात शिरलं. उभी ताटं बाजूला झाली, पुन्हा मिटली. हे कुणाचं चाक... एवढं मनात येईपर्यंत गाडी बाभळीवर गेली. मग कसलाच आवाज नव्हता. फुटलेली काच माझ्या ओच्यात पडली होती, खडीसाखरेसारखी चमकत होती. आमचे हे स्टेअरिंगवर मान टाकून होते, जेवण झाल्यावर भिंतीला टेकून टाकत तशी. मागच्या सीटवर माझ्याशेजारी बसलेल्या नीलव्वानं माझं मनगट धरलं होतं. "अक्का, तिकडं बघू नका," ती म्हणाली. "माझ्याकडं बघा."

नीलव्वा माझी धाकटी जाऊ. ती गेल्याला आता महिना होईल. दवाखान्यातनं फोन आला तेव्हा मी जोंधळे निवडत होते. हातातलं सूप पुरं केलं आणि मग उठले. रडले नाही, मला ते जमत नाही. पण त्या अपघाताची गोष्ट आमच्या पेठेतल्या जुन्या माणसांना ठाऊक आहे, आणि जी ठाऊक आहे ती चुकीची आहे. नीलव्वाबद्दल लिहायचं तर ती दुरुस्त करायला हवी.

घरात दोन भाऊ. थोरले आमचे हे, टॅक्सी चालवत. धाकटा सिद्राम, नीलव्वाचा नवरा, अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये गाड्यांना चाकं बसवी. सत्तर सालानंतरचा तो काळ. ज्यांच्याकडं गाडी होती त्यांना तेव्हा रुंद चाकांची हौस आली होती. मूळची चाकं काढायची आणि दुसऱ्या कुठल्या मोठ्या गाडीची आणून लावायची. चाक बसलं की सिद्राम टायरला खडूची पूड चोळायचा आणि घरातल्या, शेजारच्या बायकांना गाडीत बसवायचा, वजन म्हणून. "या वैनी, वजन कमी पडतंय." "माझं एकटीचं पुरंल की रं," शेजारची काशीबाई पदर खोचत म्हणायची. आम्ही पाचजणी दाटीवाटीनं बसलो की तो स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवी, गाडी दाबून हलवी, आणि मडगार्डच्या आत पांढरं लागलंय का बघे. लागलं तर चाक घासतंय. हे अर्धा-अर्धा तास चाले. उन्हाळ्याची दुपार, लांब कुठंतरी मिलचा भोंगा, आणि काचेवरनं लिंबाची सावली सरकायची, म्हणून गाडीच चालल्यासारखी वाटायची. कुणी म्हणे, अकलूज आलं, ऊस बघा. कुणी म्हणे, करमाळा मागं पडलं, देवीला जायचं राहिलं... डोळे जड व्हायचे. बोलणं संथ व्हायचं. मी माझं अर्धं जग त्या गाड्यांत बसून बघितलं आहे, आणि गाडी तसूभर हललेली नसायची.

नीलव्वा मात्र झोपायची नाही. ती खाली उतरून चाकाशी बसायची. तिला टेपवरचे आकडे वाचता येत नव्हते, म्हणून तिनं स्वतःची रीत काढली होती. चाक पालथं घालायचं, कडांवर एक सरळ पट्टी आडवी ठेवायची, आणि ज्या पत्र्याला बोल्टांची भोकं असतात त्या पत्र्यापर्यंत खराट्याची काडी उभी सोडायची. पट्टीशी काडी मोडायची. जुन्या चाकाची एक काडी, नव्याची एक. दोन्ही शेजारी धरायच्या. नवी काडी आखूड निघाली तर चाक तेवढं बाहेर येणार. मी एकदा विचारलं, बाहेर आलं तर बिघडलं काय, मडगार्डला तर घासत नाही? ती म्हणाली, "अक्का, घागर कमरेवर घेतली तर तुमी मैलभर जाता. तीच हात लांब करून धरा, धा पावलं जाता का बघा. गाडीला बी हातच असतोय की." सिद्राम आधी हसायचा. मग तिच्या काड्या बघितल्याशिवाय तो चाक लावीना.

आमच्या ह्यांनी टॅक्सीसाठी पुण्याच्या जुन्या बाजारातनं एका परदेशी गाडीची चार रुंद चाकं आणली. सिद्राम घुटमळला. हे म्हणाले, "पाच भोकं हितं बी, पाच भोकं तितं बी. आता काय पत्रिका बघायची व्हय?" थोरल्या भावापुढं सिद्रामचा आवाज निघत नसे. त्यानं चाकं बसवली. खडूची पूडही कुठं लागली नाही. नीलव्वानं काड्या मोडल्या, आणि स्वयंपाकघरात येऊन त्या माझ्यासमोर धरल्या. "दीड बोट भाईर ऱ्हातंय अक्का. एवढं लई होतंय. तुमी थोरल्यांना सांगा, चाकाचा दांडा मोडंल." आमच्यात धाकटी सून थोरल्या दिराशी बोलत नसे. पदर पुढं ओढून बाजूला व्हायची. तिला जे काही सांगायचं असेल ते माझ्या तोंडून जायचं. मी म्हटलं, "खराट्याच्या काडीनं गाडी मोजतीस व्हय गं? बरं, सांगते."

मी सांगितलं नाही.

विसरले नाही. मला ती गाडी आवडली होती. छाती काढून चालणाऱ्या पैलवानासारखी दिसायची. पेठेतनं गेली की लोक दारात यायचे, आणि पुढच्या सीटवर मी असायची. चार महिने गेले. एकदा पुढनं बारीक आवाज यायला लागला. नीलव्वा म्हणाली, "अक्का, चाक गुणगुणतंय." मी म्हटलं, "गाणं म्हणतंय. ऐक." ते मीही ऐकत बसायची. झोप यावी असा आवाज होता तो... बेअरिंग खाल्लं जात होतं.

वैरागला माझ्या नणंदेकडं बारसं होतं. हे, मी आणि नीलव्वा निघालो. मी पुढचं दार उघडलं तर ती म्हणाली, "अक्का, मागं या की माझ्याजवळ. मला मळमळतंय." मी कुरकुरत मागं बसले. शहर सुटलं, ऊन वाढलं. ती एकदाही पदराआड वळली नाही, लिंबूही मागितलं नाही. ती पुढं बघत बसली होती.

अपघातानंतर माणसं जमली, गाडीभोवती गेली. मी जोंधळ्यात गेले. का गेले ते मला आजही सांगता येणार नाही. ताटं दोन्ही गालांना लागत होती, आणि मधे मोकळ्या जागेत ते चाक आडवं पडलं होतं, कुणी नीट ठेवावं तसं. ते एकटं आलं नव्हतं. आतला ब्रेकचा ड्रम त्याच्यासोबत निघून आला होता, मागं मोडलेला दांडा दिसत होता. आणि पाचही नट जागेवर होते. मी एकेक बोटांनी फिरवून बघितला. एकही हलला नाही.

पेठेत मात्र असं पसरलं की सिद्रामनं नट आवळले नव्हते. सख्ख्या भावाच्या गाडीचे नट. कुणी तोंडावर म्हणायचं नाही, पण गाड्या यायच्या थांबल्या. सिद्रामनं ते चाक बघितलं होतं, पण गेलेल्या भावाच्या हट्टाबद्दल तो बोलणार नव्हता. शेवटी त्यानं शेड काढली आणि पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायला लागला. बारा वर्षांनी तो गेला तेव्हा अंत्ययात्रेतसुद्धा दोघं त्याच नटांबद्दल कुजबुजत होते, मी ऐकलं. माझं एक वाक्य पुरलं असतं. नट आवळलेले होते म्हटलं असतं, तर चाकं चुकीची होती असं निघालं असतं. मग कुणी बजावलं नव्हतं का, असं विचारलं गेलं असतं. मी गप्प राहिले.

एवढी वर्षं एका घरात काढली, एका चुलीवर भाकरी केल्या, पण नीलव्वानं तो विषय कधी काढला नाही. शेवटच्या दुखण्यात तिला चार दिवस दवाखान्यातनं घरी आणलं होतं, तेव्हा मी तिच्या खाटेशी बसले होते. मीच म्हटलं, "नीला, ते नट..."

"आवळलेले होते. मी बी आले होते की तुमच्या मागं जोंधळ्यात."

"मग बोलली का नाहीस? तुझा नवरा होता."

"तुमचं कुंकू गेलं होतं. थोरल्यांचं नाव तरी राहू दे म्हटलं." मग म्हणाली, "माझ्या ह्यांना विचारलं होतं मी. ते बी राहू दे म्हटले."

मग मी उरलेलं सांगून टाकलं, की तिचा निरोप मी आमच्या ह्यांना दिलाच नव्हता.

"ठावं हाय."

"कसं?"

"सांगितलं असतं तर थोरले महिनाभर हसले असते. खराट्याची काडी म्हणून घर डोक्यावर घेतलं असतं. कोण हसलंच न्हाई." ती स्वतः मात्र हसली. "म्हणून तर तुमाला मागं बसवलं."

मळमळत होतं ना तुला, असं मी विचारलं. तिनं डोळे मिटले होते. "कुटलं काय," एवढंच म्हणाली.

सिद्रामनं नट नीट आवळले होते, हे मी इथं लिहून ठेवते. तो वाचायला नाही, नीलव्वाही नाही. ज्यांनी कुजबुज केली त्यांतले काही आहेत, त्यांनी वाचावं.

गाडीत आम्ही तिघं होतो. पुढची सीट बाभळीनं इंजिनासकट मागं रेटली होती. आमचे हे तिथंच गेले. मागं बसलेल्या आम्ही दोघी जगलो.